गुरुवारची वीज

समीक्षाला आपल्या त्या कागदाचा भारी अभिमान. का नसावा हो? जतकडच्या मेंढपाळाची पोर, शिरवळच्या कारखान्यात संगणक विभागात लागली, आणि कर्नलच्या ट्रेसिंगची माहिती चक्क मराठीत लिहिली तिनं! कर्नल म्हणजे मशीनच्या संगणकातला मूळ कारभारी. ट्रेसिंग चालू केलं, की कुठला इशारा कधी आला याची तो नोंद ठेवतो. मशीन चालू असतानाच सेटिंगमध्ये शून्याचं एक करायचं, झालं. पत्रा दाबणारा प्रेस कधीकधी आपोआप खाली येतो अशी तक्रार होती, ती पकडायची होती. इंग्रजीतली चाळीस पानं वाचून तिनं एका पानात बसवली आणि प्रत्येक प्रेसवर चिकटवली.

तिचा धाकटा भाऊ रविराज प्रेसवरच कामाला. सोमवारी त्यानं कागद बघून एक केलं आणि ऐटीत तिला फोन लावला, "आक्का, तुजा कागूद लय सोपा हाय गं."

शुक्रवारी प्रेस खाली आला आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या, गुंडा नावाच्या गावच्याच पोराची तीन बोटं गेली.

साहेब म्हणाले, रविराजनं बटण दाबलं. रविराज म्हणाला, हात सुदीक लावला न्हाई. तिकडं गावात गुंडाची आई तानुबाई समीक्षा-रविराजच्या घरच्या दारात येऊन तळतळाट देऊन गेली. म्हातारीनं तरी काय करावं, एकुलतं एक पोर तिचं. पण रविराज निर्धास्त! भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या आक्कानं नोंद ठिवायला लावलीया. बटनाचा इशारा आलाच न्हवता, मशीनच सांगंल की."

शनिवारी चौकशीला सगळे प्रेसभोवती जमले. समीक्षानं नोंद उघडली. कोरी. सेटिंग बघितलं, तर शून्य.

तिला गुरुवार आठवला. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि चालू मशीनमध्ये केलेला बदल वीज गेली की पुसला जातो, हे इंग्रजीत तिसऱ्याच पानावर होतं. तिनं वाचलं होतं. लिहिलंही होतं! पान भरलं म्हणून शेवटची ओळ काढली, वर स्वतःशीच म्हणाली, एवढं काय सांगायचं? अगं बये, मग कुणाला सांगायचं होतं? चाळीस पानं वाचणाऱ्यांना?

"चूक माझी आहे साहेब," ती कशीबशी म्हणाली. "कागदात एक ओळ राहिली."

"कागदाचं नंतर बघू. यानं बटण दाबलं नाही, याचा पुरावा आहे का? नाही ना? मग विषय संपला."

रविराज कागदापाशी गेला. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यानं तो खालपर्यंत वाचला आणि पुन्हा वरून सुरू केला. "आक्का, समदं केलं गं म्या," तो म्हणाला. "माजी कुटली वळ चुकली?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

सोमवारी नवा कागद तयार झाला. 'वीज आली की पुन्हा एक करा', ही ओळ तिनं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घातली. चिकटवायला गेली तेव्हा प्रेसवर रविराजच्या जागी नवा माणूस होता. त्यानं कागद वाचला आणि मान डोलावली.

"ताई," तो म्हणाला, "लय सोपं लिवलंय तुमी."