सत्तर कापून

दारू सोडणं मला दरवर्षी जमतं. रमजानच्या चाळीस दिवस आधी मी बाटली बंद करतो, कारण चाळीस दिवस ती रक्तात राहते असं आमच्या कासाब्लांकात शेंबडं पोरही सांगतं. पुढे रमजानचे तीस. एकूण सत्तर. सत्तर दिवस कोरडा राहणाऱ्याला दारुडा म्हणेल त्याची जीभ झडो, असं मी वॉशिंग मशीन दुरुस्त करता करता गिऱ्हाइकांना ऐकवत असे. त्यांनी विचारलेलं नसे.

माझी लेक गिझलान ऐकून घ्यायची नाही. "बाबा, तुम्ही रमजानात कधीच घसरत नाही. ईदनंतर घसरता."

पोरगी खोटं बोलत नाही, हीच तर अडचण. गेल्या वर्षी ईदला आठवडा झाला होता आणि तिचा साखरपुडा होता. मी नवरदेव समजून ढोलवाल्याला मिठी मारली आणि 'लेकीला सुखात ठेव' म्हणून ढसाढसा रडलो. ढोलवाला भला माणूस. 'ठेवतो' म्हणाला.

यंदा लग्न होतं ईदनंतर चौथ्या दिवशी. मुलीचा वली, म्हणजे तिच्या बाजूचा पालक, म्हणून नोंदवहीत सही करायची ती बापानं. गिझलाननं भांडी पुसता पुसता सांगितलं, "सही काका करतील. रमजानभर बंद असलेलं दारूचं दुकान ईदनंतर तिसऱ्या दिवशी उघडतं, बाबा. मला गणित येतं."

"तोवर सत्तरच्या वर दिवस होतील मला."

"दरवर्षीच होतात."

माझा भाऊ अब्दुलइलाह याला इतका आनंद झाला की त्यानं त्याच आठवड्यात नवं पेन आणलं. ते पेन मला झोंबलं.

म्हणून मी दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधायला निघालो. आमच्या शहरात दारू कुठं मिळते हे आंधळाही सांगेल. ती सोडायची कुठं, हे विचारायचं तर आधी आपण पितो हे कबूल करावं लागतं, आणि आमच्याकडे कोणीच पीत नाही. सगळ्यांचे मित्र पितात. औषधांच्या दुकानातल्या झुहूरबाईंना मीही मित्रासाठीच विचारलं.

"मित्राचं वय काय?"

"माझ्याएवढंच."

"तोही मशीन दुरुस्त करतो का?"

"करतो थोडीफार."

"मग त्याला सांगा, गुरुवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, पोस्टामागची पिवळी इमारत, तिसरा मजला. दारावर मधमाशीपालक मंडळाची पाटी आहे, ती बघून परत फिरू नको म्हणावं."

इमारतीचा राखणदार खुर्चीतून हललाही नाही. "मधमाश्यावाले ना? तिसरा मजला. सहा वर्षं बघतोय, एकानं बोटभर मध आणून दिला नाही."

वर सात माणसं बसली होती. रोजे चालू, त्यामुळे चहासुद्धा नव्हता. मी उभा राहिलो आणि छाती फुगवून म्हणालो, "मी बूशाइब. आज सदुसष्ट दिवस झाले."

कोणी टाळी वाजवली नाही. लहसन नावाचा एक म्हातारा, जन्मभर बस चालवलेला, म्हणाला, "बस खाली. ते इथं धरत नाहीत."

"काय धरत नाहीत?"

"चाळीस भीतीचे, तीस कुलपाचे. त्यात तुझे किती? दुकान बंद असलं की सगळं शहरच संत होतं, बाबा. आम्ही शटर वर गेल्यापासून मोजतो."

"मग माझे किती झाले?"

"शून्य. वाईट वाटून घेऊ नकोस. मी अकरा वर्षं येतोय, तरी हे लोक माझेही दरवर्षी सत्तर कापून घेतात."

बाकीच्यांनी अभिमानानं माना डोलावल्या. माझे सदुसष्ट दिवस एका वाक्यात गेले. मला रडू आलं. रागानं आलं, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनीही ते खरं मानल्यासारखं केलं.

ईदनंतर तिसऱ्या दिवशी शटर वर गेलं. तो आवाज माझ्या दुकानापर्यंत येतो. लहसन सकाळपासूनच माझ्याकडे एका उलट्या ड्रमवर ठाण मांडून बसला होता आणि आपल्या गुडघ्याची हकिकत सांगत होता. दुपारी उजवा गुडघा संपला, डावा सुरू झाला. मला प्यावंसं वाटत होतं की त्याचा गळा दाबावासा, हे माझं मलाच कळेना. दोनदा मी उठलो. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बस, अजून ऑपरेशन राहिलंय." मी बसलो. असं दुखणं शत्रूलाही न येवो, आणि असा माणूस शत्रूलाही न मिळो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न नोंदवणारे वही घेऊन आले. त्यांनी विचारलं, "वली कोण?" अब्दुलइलाह पांढरा शुभ्र झगा सावरत पुढे झाला. पेनाचं टोपण त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

मेंदीचे हात वर धरून गिझलान माझ्याकडे वळली. "किती दिवस झाले, बाबा?"

सत्तर आणि वरचे चार माझ्या जिभेवर आले होते. इतकी वर्षं तेच येत होते.

"दोन," मी म्हणालो. "दुकान काल उघडलंय."

अब्दुलइलाह हसला. "दोन! ऐकलंत?"

गिझलान हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पहिल्यांदाच काहीतरी बोललो असावं असा तिचा चेहरा झाला. मग तिनं मेंदीची पर्वा न करता काकाच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला दिलं.

मी वहीवर वाकलो. सही होईपर्यंत वही तिनं धरून ठेवली.