माझ्यावरचा पोचा

मित्रांनो, सायकलचा सगळा मान चाकांना आणि घंटीला. मागच्या मडगार्डाकडे कोण बघतो? मी असाच एक जुना मडगार्ड आहे. दुसऱ्यांच्या वाट्याचा चिखल अंगावर घेणे हाच माझा जन्माचा धंदा. पण एकदा माझ्या अंगाला मोलाचे काहीतरी लागले होते. ते राहिले नाही, म्हणून आज तोंड उघडतो आहे.

कारखान्यात पत्रा दाबून मला बाक दिला, काळा रंग चढवला आणि एका सायकलवर बसवले. ती सायकल शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घेतली. बाई पायांनी शिलाई मशीन चालवत, पायांनी सायकल चालवत; जीभ मात्र पायांवाचूनही चाले. शिवलेले कपडे माझ्या डोक्यावरच्या कॅरिअरला बांधून त्या गिऱ्हाइकांकडे निघत. एकाही कपड्याला मी शिंतोडा लागू दिला नाही. "हा आहे म्हणून माझी अब्रू आहे," असे त्या माझ्याबद्दल म्हणत, तेव्हा मी फुगून जाई.

बाईंचे यजमान गॅरेजात डेंटर होते. ठोकरलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे आणि वरून रंग मारायचा, हे त्यांचे काम. हात असा, की पोचा कुठे होता ते गाडीच्या मालकालाही सापडू नये.

एका दुपारी वळणावर मागून हिरवी मोटार आली आणि मला धडकली. मी आत चेपलो. बाई उडून पडल्या आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. मोटारवाले गृहस्थ थांबले, इस्पितळातही आले. "काळजी करू नका, मी आहे ना! पोलिसांची भानगड कशाला?" असे म्हणाले. यजमान पडले भोळे. त्यांनी मान डोलावली.

बाईंसाठी काय करावे ते यजमानांना सुचेना. डॉक्टरांच्या कामात त्यांचा हात चालणार नव्हता, म्हणून त्यांनी आपले काम केले. मला गॅरेजात नेले. माझ्यात खोल पोचा होता आणि त्यात मोटारीचा हिरवा रंग रुतला होता. डोळे पुसत पुसत त्यांनी तो रंग घासून काढला, हलक्या हातोडीने पत्रा उचलला, नवा काळा रंग दिला. बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी मला पुढे केले.

"बघ गं, कसा झालाय."

बाई कुबडीवर टेकून हसल्या. "अहो, माझा गुडघाही तुमच्याकडेच टाकायला हवा होता."

मीही खूश झालो. कसला करंटा मी!

पुढे गृहस्थ फोन उचलेनासे झाले. गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया बाकी होती. ती झाली नाही तर बाई पुन्हा मशीनवर बसणार नव्हत्या, आणि तिचा खर्च घराच्या आवाक्यातला नव्हता. शेवटी दोघे एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, उशिरा का होईना, पोलिसांत तक्रार द्या. भरपाईचा दावा वेगळा लावता येतो, मोटारीच्या विमा कंपनीलाही त्यात उभे करता येते. मग त्यांनी स्वतः त्या गृहस्थांना फोन लावून पाहिला आणि विचारले, "ते म्हणतायत, बाई आपणच घसरल्या, मी नुसता माणुसकीनं थांबलो. धडकेची काही खूण आहे का?"

यजमानांनी मला टेबलावर ठेवले. वकीलबाईंनी माझ्यावरून बोट फिरवले. बोटाला ना पोचा लागला, ना हिरवा कण.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी मला गॅरेजात लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवले. शेजारी हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि हातोडी उचलली. पोचा कुठे होता, किती खोल होता, सगळे त्यांना पाठ होते. मारा एकदाचे, असेच मला वाटत होते. तोच बाई कुबडी टेकत आल्या.

"अहो, हे काय करताय?"

"होतं तेच परत करतोय. त्यात खोटं काय?"

"मला उडवलं हे खरं आहे ना? मग त्याला खोटा पोचा कशाला? पकडलं गेलं तर माझं खरंसुद्धा खोटं ठरेल."

यजमानांच्या हातून हातोडी गळून पडली आणि ते लहान मुलासारखे रडले.

न्यायालयात त्यांनी सांगितले, पोचा मीच काढला. समोरचे वकील नुसते हसले. दावा फेटाळला गेला. मशीनवर आता चादर टाकलेली असते. बाई खाटेवर बसून हाताने काज-बटणे करतात आणि यजमान माझ्याकडे बघायचे टाळतात.

मित्रांनो, कुणाला धडक बसली तर आधी माणसाला इस्पितळात न्या. पण त्याची सायकल, चपला, कपडे धुऊ-पुसू नका. फोटो काढा, पोलिसांना कळवा, जाणत्या वकिलाला विचारा. दुरुस्ती मागाहून करता येते.

वकीलबाई म्हणतात, वर अपील करता येईल, पण धडक पाहणारे माणूस साक्षीला हवे. बाईंना एवढेच आठवते, की त्या रस्त्यावर पडल्या तेव्हा कुणीतरी "डोळ्यांदेखत उडवलंत हो तिला!" असे मोटारवाल्यावर ओरडले आणि आपली कापडी पिशवी त्यांच्या डोक्याखाली सरकवली. मग गर्दीत ते माणूस निघून गेले. पिशवी घरात आहे. तिच्यावर डाग आहे, पण ती कुणी धुतलेली नाही. ती तुमची असेल, तर कृपा करून या. अपिलाची मुदत अजून संपलेली नाही.