घरच्या माणसाचं प्रमाणपत्र

जुनं काही बंद केलं की कुणीतरी बोंब मारतंच. आमच्या धंद्यातली खूणच ती. त्या सोमवारी मी हॉस्पिटलच्या सर्व्हरवर शा-वन या जुन्या हॅशची, म्हणजे जुन्या गणिती ठशाची, मशीनची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं घेणं बंद केलं आणि एक्स-रेवाले, औषधवाले, सगळ्यांनी फोनवरून माझा उद्धार केला. समोरच्या रक्ताच्या लॅबमधून मात्र चकार शब्द नाही. तिथलं मशीन तर सगळ्यांत जुनं! आणि लॅब माझ्या धाकट्या दिराची.

मी तपासलं. त्याचे रिपोर्ट खुशाल आत येत होते. माझ्या हाताखालच्या इंजिनियरने सर्व्हरच्या नियमांत त्याच्यापुरती सूट लिहून ठेवली होती.

"मॅडम, म्हटलं घरचा माणूस," तो चाचरत म्हणाला.

"घरचा म्हणून दार उघडं टाकायचं? शहाणाच आहेस!" मी ती ओळ तिथल्या तिथे खोडली.

संध्याकाळी दीर तणतणतच घरी आला. नवं मशीन यायला महिना होता. तोवर रिपोर्ट अडले तर हॉस्पिटल दुसरी लॅब धरणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"वहिनी, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. पण त्या जुन्या हॅशचा ठसा आता नकली बनवता येतो. उद्या तुझ्या नावाचं प्रमाणपत्र घेऊन भलताच कोणी चुकीचा रक्तगट पाठवेल आणि माझा सर्व्हर मान डोलावेल. पेशंट दगावला तर नाव तुझं."

"महिन्याभरात कोण येतंय कडमडायला!"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कर की जरा काणाडोळा." नवरा पेपरात तोंड खुपसून बसला, अशा वेळी त्याला हमखास वाचायचं असतं. मी म्हटलं, तोवर कागदावर रिपोर्ट आण, हॉस्पिटलच्या खिडकीवर घ्यायला सांगते.

"म्हणजे आता मी हमाल!" असं म्हणून तो न जेवताच गेला. मला फार लागलं ते. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत होता, गणितं माझ्याकडून सोडवून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा पत्ता नाही. मग खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, एक जण रिपोर्ट घेऊन आलेत. तुमचा दीर म्हणतात. घेऊ का?"

"थांबा, मी येऊन बघते."

खाली तोच उभा होता, घामाघूम, फाइल छातीशी धरून. मी मान हलवली तशी बाईंनी कागद घेतले.

"उद्याही वहिनींना खाली बोलवा," तो माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाला. "मी म्हणतो म्हणून घेऊ नका."