यथावकाश

चिंचगड नगरपरिषदेत अयूबभाईचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. तीनचाकी गाडीवर भोंगा लावून तो गावभर फिरायचा. उद्या नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस कुठे आहे, घरपट्टीची मुदत कधी संपते, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि मोबाईल अजून मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या या गावात पोचले नव्हते.

त्या साली गेडाम साहेब मुख्याधिकारी म्हणून आले. त्यांच्या लक्षात आलं, की कार्यालयातल्या फळ्यावर लावलेली परिपत्रकं सफाईवाल्यांपर्यंत पोचतच नाहीत. निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेले त्या फळ्याकडे फिरकत नव्हते. साहेबांनी अयूबला बोलावून सांगितलं, "सकाळच्या हजेरीला परिपत्रक तुम्हीच वाचत जा. तुमचा आवाज चांगला आहे."

अयूबला बरं वाटलं. हजेरीच्या टिनाच्या शेडमध्ये त्यानं पहिल्यांदा हातमोजे आणि गमबुटांचं परिपत्रक वाचलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्यात दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, तेव्हाही हसणंखिदळणं झालं. मग एक अर्ध्या पानाचं आलं. त्यानं नेहमीसारखंच मोठ्यानं वाचलं, "सुधारित आकृतिबंधानुसार अतिरिक्त ठरणाऱ्या कर्मचाऱ्यांबाबत यथावकाश निर्णय घेण्यात येईल."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. बाजारवॉर्डात झाडू मारणारी भागीरथाबाई पुढे आली. "अतिरिक्त म्हंजे कोण?"

"म्हंजे... जास्तीचे."

"अन् यथावकाश म्हंजे कधी?"

अयूबनं कागद उलटून पाहिला. मागं कोरं होतं. "मले नाई मालूम, बाई."

तेव्हापासून त्या शब्दानं गावात घर केलं. कोणी म्हणे सफाईचा ठेका नागपूरच्या माणसाला गेला, कोणी म्हणे पन्नाशीच्या पुढचे सगळे घरी. अयूब पानठेल्यावर गेला की बोलणं थांबायचं. नमाज पढून निघाला की मशिदीच्या पायरीशी कोणीतरी उभं असायचं. "काही आलं का, अयूबभाई?" आलेलं नसायचं, पण तसं सांगितलं तर माणूस त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा, जणू आतलं काहीतरी हा गिळून बसला आहे. सकाळी तो हातात कागद घेऊन शेडकडे वळला, की लोकांचे चेहरे उतरलेले त्याला लांबूनच दिसायचे. कागद मच्छरांच्या औषधाचा असला तरी.

आणि मग त्याचा स्वतःचा श्वास अडकायला लागला. माईक हातात घेतला की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, तळहात ओले व्हायचे, शब्दाच्या मधेच हवा संपायची. त्याची बायको नजमा घरातल्या हिंदीत म्हणाली, "एक बार दिखा के तो आओ." तो एसटीनं गडचिरोलीला गेला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, त्याची पट्टी निरखून पाहिली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. तुम्हाला काळजी कशाची आहे?"

"कशाचीच नाई, साहेब."

"ज्याच्यापाशी बोलता येईल असं कोणी आहे?"

अयूब हसला. दिवसभर बोलणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न! डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्यानं परत यायला सांगितलं. घरी येऊन त्यानं नजमाला सांगितलं, गॅस आहे. गोळ्या त्यानं गाडीच्या सीटखाली ठेवल्या.

नाल्या उपसणारा पोचू हजेरीला यायचा बंद झाला, ते त्याच सुमाराला. पोचू सिरोंच्याकडचा, मुळातच कमी बोलणारा. कोणी म्हणालं ताप असेल, कोणी म्हणालं गावी गेला असेल. भागीरथाबाई तेवढी म्हणाली, "कायचा ताप? मामा तलावाच्या पाळीवर बसून राह्यते दिवसभर. घरी सांगते ड्युटीवर जातो म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी अयूब पाणीबंदीची दवंडी देत त्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीनं, म्हणजे बांधावरून, निघाला होता. पोचू पाळीवर नव्हता. तो पाण्यात होता. अंगावर सदरा, खांद्याला दुपट्टा, पाणी कमरेच्या वर, आणि तोंड मधल्या खोल पाण्याकडे. आंघोळीला कोणी असं उभं राहत नाही. अयूबनं गाडी थांबवली आणि हाक मारली, "पोचूभाऊ!" हातातला माईक सुरूच होता. भोंग्यातून ते नाव सगळ्या तलावावर घुमलं.

पोचू दचकून वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आलं का माहं नाव?" तो ओरडला. "यादी लागली का?"

अयूब गाडीवरून उडी मारून उतरला. त्यानं माईक बंद केला आणि तो चपलांसकट पाण्यात शिरला. चिखलात पाय रुतत होते, श्वास पुरत नव्हता. पोचूपर्यंत पोचून त्यानं त्याचा दंड घट्ट धरला.

"कोनाचंच नाव नाई आलं. तुले पाह्यलं म्हणून बोलावलं."

"खरं सांगते?"

"खुदाची कसम."

पोचूचे दात वाजत होते. "बायकोले सांगाची हिंमतच होत नाई," तो म्हणाला. "घरी बसलो का छाती धडधडते. इथी जरा शांत वाट्टे. आज वाटलं, आनखीन आत जावं."

अयूबनं त्याचा दंड सोडला नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "माहीबी धडधडते, पोचू. मी डॉक्टरकडं जाऊन आलो. बायकोले गॅस म्हणून सांगतलं."

पोचूनंही त्याचा हात धरला. मग दोघं एकमेकांना धरून बाहेर आले. अयूबनं त्याला घरी पोचवलं आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "आजचा दिवस याले एकटं नको सोडू, माय. उद्या मी याले गडचिरोलीले नेतो." तिथून तो ओल्या कपड्यानिशीच गेडाम साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "वरून मलाच काही कळलेलं नाही, अयूबभाई. काहीच ठरलेलं नाही."

"मंग तेच सांगा ना, साहेब. ठरलं नाई हेच."

"असं परिपत्रक काढता येत नाही."

"परिपत्रक नोका काढू. तुमी या."

साहेबांनी चष्मा परत चढवला. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. अयूब त्या रात्री तळमळत राहिला. आपण जास्त बोललो, आता पहिलं नाव आपलंच, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तो पोचूला गडचिरोलीला दाखवून आला. आणि सोमवारी हजेरीच्या वेळी जीप शेडपाशी येऊन थांबली. साहेब उतरले, आणि बोलायच्या आधी अयूबकडे बघू लागले.

अयूबनं माईक घेतला नाही. उघड्या आवाजात तो म्हणाला, "हातात कागद घेतला का माहा दम कोंडते. मले भेव वाट्टे. झोप येत नाई. डॉक्टर म्हणते दिल बरोबर आहे, ही काळजी आहे. कोनाले असं होत असन तर मले सांगा. गडचिरोलीले सोबत जाऊ."

कोणीतरी फिसकन हसलं. मागच्या रांगेतून जमादार रामाजी म्हणाले, "हासू नोका रे. मलेबी होते." मग साहेब बोलले. काय माहीत आहे ते सांगितलं, काय माहीत नाही तेही सांगितलं. भागीरथाबाईनं त्यांना नुसतं भंडावून सोडलं. समाधान कोणाचंच झालं नाही. तरी दर सोमवारी साहेब येतील, असं ठरलं, आणि एखाददुसरा सोडला तर ते आलेही. आठवड्याच्या मधल्या अफवांना लोक म्हणायला लागले, सोमवारी विचारू.

निर्णय पावसाळ्यानंतर आला. साहेबांनी यादी फळ्यावर लावायच्या आधी एकेकाला खोलीत बोलावलं. काही म्हातारे रोजंदार घरी बसले, त्यांच्यासाठी कोणाला काही करता आलं नाही. काहींना दुसरीकडे घातलं. पोचू पाणीपुरवठ्यावर गेला. शेवटी अयूबला बोलावणं आलं. दवंडीचं पद रद्द झालं होतं. त्याची बदली गावाबाहेरच्या ट्रकतळाच्या नाक्यावर.

तो बाहेर आला. बाकड्यावर पोचू बसला होता. त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं.

"काय झालं?"

अयूबनं सांगितलं. पोचूनं सरकून जागा दिली. दोघं बसले. दुपारी घरी जाऊन अयूबनं नजमाला बदलीचं सांगितलं आणि त्याच दमात गॅसचंही खरं सांगितलं. ती आधी चिडली, मग तिनं ताट वाढलं.

नाक्यावर आवाजाचं काम नाही. ट्रक थांबवायचे, पावती फाडायची. काही सकाळी अजूनही त्याची छाती आवळून येते. तो बाहेर येऊन खुर्चीवर बसतो आणि ते ओसरेपर्यंत थांबतो. महिन्यातून एकदा पहिल्या एसटीनं गडचिरोलीला जातो. पोचू बरोबर असतोच. मागच्या खेपेला भागीरथाबाईही स्टँडवर येऊन उभी होती, पिशवी काखेत मारून. तिकिटाच्या पैशासाठी अयूबनं हात पुढे केला तेव्हा म्हणाली, "माह्या डोळ्याले डोळा लागून राह्यला नाई, भाऊ. कोनाले सांगजो नोको." मग स्वतःच हसली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.