प्रेतमाती

मारुतीच्या पारावर अख्खं गाव लोटलं होतं. मोर्शीकडची संत्र्याची गावं ही, तेव्हा प्रत्येकाच्या हातात आपापल्या बागेची माती होती. कोणाची कागदात, कोणाची रुमालात, कोणाची दुधाच्या रिकाम्या पिशवीत. रांगोळीच्या पांढऱ्याशुभ्र रिंगणात श्रावण महाराज बसले होते. मांडीवर तीर्थाची प्लास्टिकची बाटली. केवड्याचा वास पार रस्त्यापर्यंत.

बागेला बाधा आहे का ते पाहायला महाराज चिमूटभर माती ताटलीत घेत आणि वर तीर्थाचे चार थेंब सोडत.

"गप बसली. देवमाती!"

"जराशी कुरकुरली. मनुष्यमाती. एका नारळात भागते."

मग ज्यांच्या बागेतली झाडं पिवळी पडत होती, त्या नत्थुजींची पुडी उघडली. थेंब पडले आणि माती दुधासारखी उतू आली. फसफस मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

"प्रेतमाती!" महाराज ओरडले. "जमीन रडून रायली, जमीन! परकं पाऊल लागलं हिले. झाडं पिवळी पडाच्या आंधी घरात कोन आलं, सांगा!"

सगळ्यांच्या माना प्रणालीकडे वळल्या. नत्थुजींची ही सून, किशोरची बायको. दोन वर्षांपूर्वी पातूरहून लग्न होऊन आलेली. कुशीत दोन महिन्यांची लेक.

"मी म्हनतच होती," सासू केशरबाई म्हणाल्या.

महाराजांनी निवाडा दिला, "तीन वर्सं माहेरी. लेकरू या मातीचं, ते इथंच राहीन."

बाळाला प्रणालीनं घट्ट धरलं, आणि तिच्या ब्लाउजवर दूध पाझरलेलं मला दिसलं. माझी तान्ही लेक चिमी माझ्या खांद्यावर झोपली होती. बाळंतपणाआधी चार वर्षं मी अमरावतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत होते. तो फेस मी रोज पाहिलेला. मीही याच गल्लीतली सून, तरी पुढे झाले.

"महाराज, ते तीर्थ जरा तुमच्या रांगोळीवर टाका नं."

"रांगोळी शुभ असते, बाई," म्हणत त्यांनी घाईनं झाकण लावायला घेतलं.

नत्थुजींनी हात पुढे केला, बाटली घेतली आणि रिंगणावर ओतली. रांगोळी मातीपेक्षा जोरात फसफसली.

"आता काय बाप्पा!" मागून कोणीतरी ओरडलं. "महाराजच प्रेतमातीत बसले नं!"

हसू फुटलं. मी सांगितलं, "हे अ‍ॅसिड टाकलेलं पाणी आहे. केवड्याखालचा वास घेऊन पाहा, संडास धुवायची बाटली आठवेल. रांगोळीच्या दगडात चुना असतो. मातीत चुना असला की तीही अशीच फसफसते. कमी चुना, कमी फेस."

"पन आमच्याच मातीत येवढा चुना काहून?" नत्थुजींनी विचारलं.

"काकाजी, विहीर कधी खोदली?"

"किशोरच्या लग्नाच्या उन्हाळ्यात."

"निघालेली पांढरी माती कुठं टाकली?"

"बागेच्या वरच्या कोपऱ्यात. खोलगट होतं, सपाट केलं."

पिवळी झाडं नेमकी त्याच कोपऱ्यातली. चुना जास्त झाला की झाडाला लोह घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी आल्या होत्या, एक सून आणि तीस ट्रॉल्या चुनखडी. गावाला सूनच दिसली.

महाराज कधी सटकले, कळलंही नाही. केशरबाईंनी बाळासाठी हात पुढे केले. प्रणालीनं ते दिलं नाही.

"आई, परीक्षा मातीची होती. माही काहून केली?"



मातीचे प्रकार खरंच असतात. खोल काळी, हलकी बरड, चुनखडीची, खारवट. ते पाडले कशासाठी? तर कुठं संत्रा लावायचा, कुठं नाही, पाणी किती द्यायचं, कोणतं खत घालायचं, हे कळावं म्हणून. बागेत पाच-सहा जागी खड्डे घ्या, माती वेगवेगळी बांधा, तपासायला पाठवा. पुडी महाराजापुढं धरू नका.

नत्थुजींच्या मातीचा अहवाल मागच्या आठवड्यात आला. मी तो त्यांना वाचून दाखवला. चुन्याचा रकाना आहे, क्षारांचा आहे, लोहाचा आहे. सुनेचा नाही.

प्रणालीनं त्या दिवशी माहेरी जायची पिशवी भरली होती. ती गेली नाही, पण पिशवी अजून सोडलेलीही नाही.