नागपूर टार्टन

तांडापेठेत आता चालते हातमाग बोटावर मोजण्याइतके उरले, त्यातला एक आमचा. मी चंद्रकला पराते. माग चालवतात माझे मालक, मारोतराव. ताणा लावते मी. म्हणजे कोणत्या रंगाचे उभे धागे किती, कशाच्या बाजूले का येईन, ते समदं मी ठरवते. हे मागावर बसतात, मी बाजूले बसून आकडा सांगते, "लाल चोवीस, काळे सहा," अन् तितक्या वेळा हे आडव्या धाग्याचा धोटा फेकतात. चाळीस वर्षं झाली, असंच चालून राहिलं.

आमचा पुतण्या भूपेश मिहानात विमानं दुरुस्त करायच्या कंपनीत आहे. तो एक दिवस फिओना मॅडमले घेऊन आला. स्कॉटलंडची बाई. त्यायची पंधरा-सोळा घरं आहेत इथी. दर वर्षी नोव्हेंबरच्या तीस तारखेले आपल्या संताचा दिवस करतात. त्यायच्यात एकेका घराण्याचा एकेक चौकडीचा कपडा असते, टार्टन म्हणतात त्याले. बाप्ये लोक त्याचा घागरा घालतात म्हणे! मी फिसकन हासली त भूपेशनं डोळे वटारले.

मॅडमले नागपूरच्या त्यायच्या मंडळाचं नवीन टार्टन पाहिजे होतं, इथल्याच मागावरचं. अन् नवीन टार्टनची त्यायच्या देशात सरकारी नोंद होते. ज्यानं बनवलं त्याचं नाव कायमचं लिहून ठेवतात.

तीन दुपारी मॅडम माह्याजवळ सतरंजीवर बसली. भूपेश तिचं मले अन् माझं तिले समजावून सांगे. तिनं तिच्या समुद्राचा राखाडी रंग मागितला. मी त्यात भिवापुरी मिरचीचा लाल घातला, आपल्या मातीचा काळा घातला, अन् मधात एकच धागा पिवळा, तुरीच्या फुलाचा. मी पुठ्ठ्यावर गुंडाळून दाखवलेले धागे तिनं उजेडात धरले अन् माह्या हाताले हात लावला. "नाव तुमचंच जाईन, काकू," भूपेश म्हणाला.

खरं सांगू? मले लय बरं वाटलं. घरपट्टी यांच्या नावानं, सोसायटीचं कार्ड यांच्या नावानं, लग्नाच्या पत्रिकेवरही "सौ. व श्री. मारोतराव". मी कोणाले बोलली नाही, पण अंगण झाडता झाडता तोंडातल्या तोंडात म्हणून पाहे, चंद्रकला पराते, नागपूर. पोरीसारखं होऊन राहिलं होतं मले.

मी आकडे सांगितले, यायनं विणलं, कपडा वेळेत गेला. नोव्हेंबरच्या तीस तारखेले वर्धा रोडच्या लॉनवर बोलावणं होतं. मी ठेवणीतलं लुगडं नेसली. एक रिटायर पोलीसवाला काखेतली पिशवी फुगवून मशकबाजा वाजवत पुढं, मागं हे गोरे लोक माह्या कपड्याचे घागरे घालून. चौकड्या कुठीच चुकल्या नव्हत्या, मी डोळे फाडून पाहून घेतलं. मेंढ्याच्या पोटात त्याचंच काळीज-फुप्फुस भरून शिजवलेलं एक जेवण वाजतगाजत आलं. म्हणजे आपली वजडीच, फक्त तिखट नाही. मी दोनदा घेतली.

मंग त्यायच्या अध्यक्षानं कागद वाचला. आलेली नोंद होती ते. बाकी काही समजलं नाही, शेवटचं समजलं. डिझायनर, मारोतराव पराते.

टाळ्या पडल्या. हे उठले. वर जाऊन हात जोडले, गळ्यात कपडा घालून घेतला. मी भूपेशचा दंड धरला. "काहून गा पोट्ट्या? लहानाचा मोठा केला तुले, अन् असे पांग फेडले?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "काकू, देवाशपथ, अर्जात मी तुमचंच नाव भरलं होतं. काकाजीनं खोडायले लावलं."

बाप्पा! मी त्याचा दंड सोडला.

मॅडम तरातरा यांच्याकडं गेली. भूपेशले अन् मलेही ओढत नेलं. तिनं विचारलं, भूपेशनं मराठीत सांगितलं, "मॅडम म्हणते, हे तर काकूनं बनवलं ना?"

यायनं माह्याकडं पाह्यलंच नाही. "ही? ही नुसत्या धाग्याच्या कांड्या भरून देते मले," म्हणाले.

समदे माह्याकडं पाहून राहिले. एक शब्द बोलली असती त झालं असतं. पण चारचौघांत नवऱ्याले खोटं पाडायची जीभ मले कोणी देल्लीच नाही. मी खाली पाहिलं. यायले तेच पाहिजे होतं.

घरी आल्यावर विचारलं, "काहून केलं?"

"आता घर एकच ना वं? तुझं का अन् माझं का."

"घर एकच, त माझं राहू दिलं असतं."

"मंग लोकायनं का म्हटलं असतं? बायको डिझायनर अन् हा नुसता धोटा फेकते?"

म्हणजे चाळीस वर्षं बाजूले बसून ज्याले आकडे सांगितले, त्याले माह्या नावाची लाज वाटते. मेला परका माणूस फसवते त त्याले शिव्या तरी देता येतात. मी रात्री सैपाक केला, यायले वाढलं, अन् न जेवता झोपली.

आठ दिवसांनी भूपेश एक कागद घेऊन आला. मॅडमनं तिकडं नोंद करणाऱ्यायले पत्र लिहिलं होतं. नाव बदलता येते म्हणे. फक्त ज्याचं नाव आहे त्यानं, हे काम माझं नाही, असं लिहून सही करून द्यायची. भूपेशनं कुठी सही करायची ते बोट ठेवून दाखवलं अन् डोळे पुसत ड्यूटीवर गेला.

मी कागद यांच्यापुढं ठेवला. वर पेन ठेवला. हे पेपर वाचून राहिले होते. पेपर बाजूले केला, कागद उचलला, खालून वर पाह्यला, वरून खाली पाह्यला.

"चष्मा कुठी ठेवला वं माझा?" म्हणाले. "चष्म्याबगर दिसत नाही. पाहू मंग."

चष्मा यांच्या नाकावर होता.