सगळं पाचपैकी पाच

विभागीय क्रीडा संस्थेत सकाळी सव्वासहाला मैदानावर उतरायचं, पण त्याआधी दाराशी टांगलेल्या टॅबलेटसमोर हजेरी लावल्याशिवाय कुणाची सुटका नसे. टॅबलेट पाच प्रश्न विचारायचा. झोप कशी झाली? थकवा? अंगदुखी? भूक? मन कसं आहे? प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे; पाच म्हणजे झकास, एक म्हणजे वाट लागली. बाकीचे खेळाडू डोळे चोळत, जांभया देत, विचार करकरून बटणं दाबायचे. भिंगरी मात्र टक टक टक टक टक, चार सेकंदांत मोकळी! पाच, पाच, पाच, पाच, पाच. गेले पाच महिने, रोज.

खरं नाव रजिस्टरात होतं, पण घरी, शाळेत आणि आता इथेही ती भिंगरीच. एका जागी बसेल तर शपथ. वय सोळा, खेळ चालण्याचा. हो, चालण्याचाच. शर्यतीच्या चालण्यात एक पाऊल कायम जमिनीवर हवं, पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा, आणि वेग मात्र असा की शेजारून धावणाऱ्यालाही धाप लागावी. त्यात कंबर अशी काही डावी-उजवीकडे जाते की पहिल्यांदा बघणारा हसतोच. तिची निवड झाली तेव्हा आत्या म्हणाली होती, "चालायला सरकारी संस्था लागते? मग आम्ही काय बाजारात रांगत जातो?"

हसली तर हसू दे. इथे सरकारने राहायला खोली दिली होती, शेजारची शाळा दिली होती, दर चार महिन्यांनी नवे बूट दिले होते. फक्त एक मेख होती. तिचा प्रवेश सहा महिन्यांसाठी तात्पुरता होता. येत्या शनिवारी चाचणी होती. पाच किलोमीटर साडेचोवीस मिनिटांच्या आत चाललीस तर कायम, नाहीतर बॅग भर आणि घरचा रस्ता धर.

आणि नेमकं गेले तीन आठवडे डाव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, एक ठिकाण दुखत होतं. अंगठ्याएवढं. सुरुवातीला चालताना दुखायचं, मग चालून झाल्यावर, आणि आता तर जिना उतरतानासुद्धा. भिंगरीने काय करावं? मोजा वर ओढला आणि अंगदुखीला पाचपैकी पाच दिले.

ही अक्कल तिला शिकवली होती हातोडाताईने. हातोडाताई तिची खोलीतली जोडीदारीण, हातोडाफेकवाली, दंड असे की दार उघडताना कडी हातात यायची. पहिल्याच दिवशी तिने भिंगरीला समोर बसवून सांगितलं होतं, "इथे 'दुखतंय' म्हणायचं नाही. माझ्या आधीच्या जोडीदारणीने म्हटलं. गेली."

"कुठे गेली?"

"घरी! अजून कुठे?"

झालं. भिंगरीने ते वाक्य गाठीला बांधलं.

मंगळवारी दुपारी तिला फिजिओबाईंकडून बोलावणं आलं. बाईंना सगळे पाठीमागे दाबूमावशी म्हणत, कारण कुठे दुखतंय ते सांगितलं की त्या नेमकं तिथेच दाबायच्या. त्यांच्या खोलीत दोन पलंग, बर्फाचा मोठा स्टीलचा टब आणि भिंतीवर एक सांगाडा. पलंग, टब आणि सांगाडा, तिघांवरही सरकारी क्रमांकाचा पांढरा स्टिकर. सांगाड्याचा तर कपाळावर.

बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. "हे सगळ्यांचे आलेख. रोजच्या उत्तरांचे. बघ, कसे डोंगरदऱ्यांसारखे. आणि हा तुझा."

तिचा आलेख म्हणजे पट्टीने मारलेली रेघ.

"छान आहे ना?" भिंगरी म्हणाली.

"दवाखान्यातल्या यंत्रावर अशी रेघ आली ना, की नातेवाइकांना बोलावून घेतात." बाई हसल्या नाहीत. "गणितात नापास झालीस त्या दिवशीही मन पाचपैकी पाच?"

"मला गणिताचं वाईट वाटत नाही."

"आणि ताप होता तो आठवडा? भूक पाचपैकी पाच?"

"मी... जेवत होते."

"कुठे दुखतंय का, बाळा?"

"छे! कुठेच नाही."

बाईंनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "नको. तू सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही. जा."

भिंगरी बाहेर आली, ती जवळजवळ पळतच. सुटले बुवा! पण जिना उतरताना नडगीने अशी काही कळ मारली की तिने कठडाच धरला.

बुधवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचं बोलणंही लिफ्टसारखंच, एकदा दार बंद झालं की वरच्या मजल्यापर्यंत थांबायचं नाही. आज स्वारी तापली होती.

"अगं, आमच्याकडे नवीन पोरगा लागलाय. दर महिन्याला लिफ्टची तपासणी करून बावीस रकाने भरायचे असतात. दोर, ब्रेक, दार, घंटा. या पठ्ठ्याने काय केलं असेल? गाडीतून खाली न उतरता बावीसच्या बावीस ठिकाणी 'ठीक'! म्हटलं, शहाण्या, बावीसमध्ये एकही खोट नाही? अशी लिफ्ट अजून जगात बनायचीय! मी स्वतः गेलो, तर दोराचे तीन पदर तुटलेले."

"मग?"

"मग काय, लिफ्ट बंद केली. लोक बडबडले. चार दिवस जिने चढा म्हटलं, मरणार नाही. दोर बदलला, झालं. पण त्या पोराचा मला असा राग आला, अशी... हॅलो? आहेस ना? भिंगरे, तू गप्प? बरं नाही का तुला?"

"आहे," भिंगरी म्हणाली. "बाबा, तुटलेला दोर बदलता येतो ना?"

"वेळेत कळला तर. का गं?"

"काही नाही. उगाच."

गुरुवारी सकाळी ती टॅबलेटसमोर उभी राहिली. झोप: दोन दिले. थकवा: तीन. अंगदुखीपाशी बोट अडलं. एकावर न्यावं तर शनिवार गेला. शनिवार गेला तर संस्था गेली. मागे रांग वाढली.

"अगं, कादंबरी लिहितेस का?" मागून एक जलतरणपटू ओरडला. "आम्हालाही पोहायचंय!"

तिने डोळे मिटले आणि एक दाबला. टॅबलेट लाल झाला, आणि मेल्याने एवढ्या मोठ्यांदा टिंग केलं की पूर्ण रांग पुढे वाकून बघायला लागली. भिंगरी मैदानावर गेलीच नाही. तडक दाबूमावशींच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली, मोजा खाली केला, म्हणाली, "इथे," आणि भोकाड पसरलं.

बाईंनी दाबलं. भिंगरी छतापर्यंत उडायची बाकी राहिली. मग मशिनमध्ये फोटो काढले, डॉक्टर येऊन बघून गेले, आणि दुपारी निकाल लागला. हाडाला आतून सूज होती. चीर पडली नव्हती, पण अजून आठवडाभर अशीच चालली असती तर पडली असती. तीन आठवडे जमिनीवर चालणं बंद.

"म्हणजे मी घरी?" भिंगरीने नाक पुसलं.

"घरी कशाला?"

"हातोडाताईची आधीची जोडीदारीण गेली ना. दुखतंय म्हणाली म्हणून."

"ती?" आता मात्र बाईंना हसू आवरेना. "तिला गोळाफेक आवडतच नव्हती. दुखतंय सांगायला आली आणि बोलता बोलता तेच सांगून मोकळी झाली. आता मजेत चित्रकला शिकतेय. अगं, नियम आहे. दुखापत आधी कळवली तर चाचणी आठ आठवडे पुढे ढकलतात. लपवून चाचणी दिली आणि नापास झालीस, तर मात्र खेळ खलास. पान एकतीस. पुस्तिका दिली होती ना तुला?"

"आहे. पलंगाखाली."

"लपवून ठेवलीस?"

"नाही, पाय डुगडुगतो."

"आता कुठला पाय?"

"पलंगाचा!"

तिचे प्रशिक्षक सर आले ते स्टॉपवॉच गळ्यात घेऊन, तरातरा. भिंगरी वाट बघत होती शिव्यांची, आणि त्या मिळाल्याही, पण भलत्याच कारणासाठी. "तीन आठवडे? तीन आठवडे मी बघतोय, डावं पाऊल जड पडतंय. मला वाटलं तुझी कंबर चुकतेय! रोज तुझ्याकडून कंबरेचे दुप्पट व्यायाम करून घेतले, ते काय हौस म्हणून? तू खोटे पाच द्यायचीस आणि मी त्यावर खऱ्या घामाचे बेत आखायचो! माझ्यावर तरी दया करायचीस, बाई." एवढं बोलून त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि वहीतल्या शनिवारवर काट मारून आठ आठवड्यांनंतरची तारीख लिहिली.

पुढचे तीन आठवडे भिंगरी पाण्यात चालली. कमरेला फुगीर पट्टा, पाय तळाला टेकत नाहीत, हात-पाय मात्र शर्यतीसारखेच चालवायचे. दहा मिनिटं जीव तोडून चाललं की दोन हात पुढे सरकायला व्हायचं. शेजारच्या पट्ट्यातून पोहणारी पोरं सपासप जाता जाता विचारायची, "पोहोचलीस का गं?"

"अर्ध्यात आलेय!" ती ओरडायची. "जेवायला थांबू नका!"

मग गवत, मग मऊ माती, मग ट्रॅक. रोज सकाळी अंगदुखीचा आकडा वर-खाली व्हायचा, आणि त्याप्रमाणे सर कधी दोन फेऱ्या काढून घ्यायचे, कधी एक वाढवायचे.

चाचणीच्या दिवशी ऊन छान कोवळं होतं. साडेबारा फेऱ्या, तीन पंच. गुडघा वाकला किंवा दोन्ही पावलं हवेत गेली की पंच लाल कार्ड देणार आणि कडेच्या फळ्यावर तिच्या क्रमांकापुढे लाल ठिपका लागणार. तीन ठिपके म्हणजे बाहेर. कठड्याशी आई-बाबा, दाबूमावशी, आणि दोन माणसांची जागा अडवून हातोडाताई.

पाचव्या फेरीला पहिला ठिपका. नवव्याला दुसरा. वेळ काठावर होती; जोर लावावा तर तिसरा ठिपका, न लावावा तर घड्याळ पुढे.

"कायम व्हायचंय ना? मग घाई नको!" सर ओरडले. "हात जवळ! पावलं लहान!"

"हाण, भिंगरे, हाण!" हातोडाताई गरजली.

तिने सरांचं ऐकलं. पावलं लहान केली, हात भराभर. शेवटची फेरी. डावी नडगी चूपचाप काम करत होती. समोर तिसरा पंच चक्क खाली वाकून तिचे गुडघे बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही, रेषेकडे बघितलं, आणि पार केली.

आधी तिने फळा बघितला. दोनच. मग घड्याळ. चोवीस मिनिटं, सव्वीस सेकंद.

चार सेकंद! चार सेकंद आणि एक ठिपका शिल्लक! ती आडवीच झाली ट्रॅकवर, आणि तिच्यावर आई, आईवर बाबा, आणि हातोडाताई येताना दिसली तसे सर मधे आडवे झाले, "तू नको, तू नको, मोडेल ती!"

पंच कार्डं घेऊन आले. भिंगरीने धापा टाकत विचारलं, "साहेब, दोन्ही ठिपके डाव्या पायाचे ना? दुखत होता तो."

पंचांनी कार्डं उलटून पालटून बघितली. "छे गं. डावा तर पट्टीसारखा सरळ. दोन्ही वेळा उजवा वाकला."

"उजवा?" भिंगरी उठूनच बसली. "त्याला काय धाड भरली? तो तर धडधाकट आहे!"

"म्हणूनच," सर म्हणाले. "आठ आठवडे सगळ्यांनी डाव्याचेच लाड केले." आणि त्यांनी हात देऊन तिला उभं केलं.